उत्तरेची वळचण

पेत्रारा गावातल्या सांता मारिया चर्चची किल्ली एर्सीलियाकडे एकेचाळीस वर्षं होती. सासूने मरताना ती हाती दिली. झाडलोट करायची, फरशीवरचे मेणाचे थेंब खरवडायचे, कुणी चित्र पाहायला आलं तर दार उघडायचं, एवढं तिचं काम. घर चर्चला लागूनच होतं.

चित्र उत्तरेच्या भिंतीवर. सहाशे वर्षांपूर्वी कुणा अनाम चिताऱ्याने काढलेली, बाळाला अंगावर पाजणारी मरियामाता. दूध आटलं की बायका तिच्यापुढे येऊन बसत. ओल चढून बाळाची पावलं कधीच गेली होती. एर्सीलियाच्या डोळ्यांदेखत गुडघेही गेले. येणारा प्रत्येक जण विचारी, "दक्षिणेला पन्हळ आहे, मग इकडे का नाही?"

"पहिल्यापासून नाही," ती सांगे.

खरं कारण जुन्या बायकांना ठाऊक होतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला दफनभूमीत जागा नसे, म्हणून त्याला उत्तरेच्या वळचणीखाली पुरत. चर्चच्या छपरावरून आलेलं पाणी पवित्रच. पाद्र्याने दिला नाही तो बाप्तिस्मा पागोळ्या देतील. पाद्री त्या बाजूला फिरकत नसत. एर्सीलियाची मुलगी तिथे होती. फेब्रुवारी १९३४. नवऱ्याने, दोनातोने, चीज गाळायच्या फडक्यात गुंडाळून नेली. एर्सीलियाला खाटेवरून उठू दिलं नाही. दुसरं मूल झालं नाही. पुढे दोनातोही गेला. पाऊस आला की ती हातातलं काम ठेवून पागोळ्या ऐकत बसे.

१९७९च्या सप्टेंबरात चित्र वाचवायला शहरातून लिविया नावाची तरुण बाई आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, आधी छपराला पन्हळ. नाहीतर माझी सगळी मेहनत पाण्यात."

दुसऱ्या दिवशी किल्ली हरवली. तीन दिवस सापडेना. शेजारची पाल्मीरा दारात येऊन म्हणाली, "चाळीस वर्षं गाईच्या घंटेसारखी मिरवलीस, आणि आजच बरी हरवली? सूपच्या पातेल्यात बघ, ढवळ जरा!"

चौथ्या दिवशी एर्सीलियाने स्वतःच दार उघडलं. लिवियाने दिवा भिंतीलगत तिरपा धरला. बाळाच्या गालाखालचा गिलावा कांद्याच्या सालीसारखा सुटला होता.

"दोन हिवाळे," लिविया म्हणाली. "मग चेहराही जाईल."

एर्सीलिया बाकावर बसली. "बाहेर मुलं आहेत गं," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

लिवियाने दिवा विझवला. "किती?"

"मला ठाऊक असलेली सतरा."

"तिथे कुदळ लागू देणार नाही मी. पण पाणी थांबवावंच लागेल, मावशी. तुम्ही नको म्हणालात तर गावाची तयारी नाही असं लिहून देते आणि जाते."

एर्सीलियाने चित्रातल्या बाळाकडे पाहिलं. "तिच्या मांडीवरचं तरी राहू दे," ती म्हणाली. "लाव पन्हळ."

ऑक्टोबरात पन्हळ बसली. तीन नोव्हेंबरला दुपारी धो-धो पाऊस आला. एर्सीलिया छत्री घेऊन चर्चच्या मागे गेली. वारा दक्षिणेचा होता. वळचणीखालची पट्टी कोरडीठाक होती. पाणी पन्हळीच्या नळातून खळखळत रस्त्याकडे चाललं होतं.

तिथे पाल्मीरा उभी होती. भर पावसातून आलेली, डोकं उघडं; केसांतून पाणी त्या कोरड्या मातीवर गळत होतं.

"अगं, केस पूस. आजारी पडशील."

"गळू दे. इथे काहीतरी गळायला हवं ना?"

पाल्मीराचे चार मुलगे एर्सीलियाने लहानाचे मोठे होताना पाहिले होते. पाचव्याबद्दल कधी ऐकलं नव्हतं.

"एकोणपन्नास साली," पाल्मीरा म्हणाली. "मुलगा. कोपऱ्यापासून तिसरा. शहरातल्या पोरीला सतरा सांगितलीस म्हणे. अठरावा माझा. तू तुझी कोरडी ठेव, तो तुझा प्रश्न. माझ्या वतीने हो म्हणायला तुला कुणी सांगितलं? विचारलंस मला?"

"तू कधी बोलली नाहीस गं."

"तू बोललीस कधी?"

एर्सीलियाने रुमालाने तिचे केस पुसायला हात पुढे केला. पाल्मीराने तो बाजूला सारला आणि होती तिथेच उभी राहिली.