बिनमोबदला

वडील गेल्यावर सेलूजवळचं वावर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर चढलं. मी थोरली, भाऊ धाकटा. आमच्याकडे अशा वेळी बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडीचोळी करायची, वहिनीनं पुरणपोळी वाढायची. मग मरेपर्यंत माहेर उघडं राहतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मला जमिनीचा सोस नव्हता. पण आईवडील दोघंही गेलेले. ते दार आता बंद होईल, ही भीती होती. ती मी कुणाला बोलून दाखवली नाही.

सहीच्या दिवशी भाऊ मला न्यायला पिपरी मेघेला आला तो साडी घेऊनच. मोरपंखी, काठाची.

"आज हेच नेस, ताई. शकून असते."

बिनखर्चाचे शकून तर आमचं घराणं कधीच चुकवत नाही. हा खर्चाचा होता, म्हणून मी हरखले. नेसून निघाले.

नोंदणी कार्यालयात साहेबांनी कागद वाचून दाखवला. 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता.' मग माझ्याकडे पाहिलं. "काही घेतलं नाई ना, बाई?"

जन्मभर शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं. ती खोड जाते थोडीच! म्हटलं, "ही साडी घेतली."

साहेबांनी चष्मा काढला. "असं नका सांगू. भावाले फुकट सोडलं तं नावापुरता मुद्रांक. मोबदला घेतला म्हणान, तं खरेदीसारखा पुरा लागन."

ते अर्धवट हसतच बोलले होते. पण भावाचा चेहरा पडला.

"साडी माह्या बायकोची हाये, साहेब! नुसती नेसाले देल्ली." तेवढ्यानं भागेना, म्हणून पुढे म्हणाला, "तिले म्या काहीच नाई देल्लं. आजपर्यंत काहीच नाई. पाहिजे तं लिहून घ्या."

दर भाऊबिजेला कापसाची वेचणी आडवी येते म्हणून तो येत नाही, असं मी शेजारणींना वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्यानं सरकारी टेबलासमोर एका दमात ते निकालात काढलं. एवढं खरं तो जन्मात बोलला नसेल, आणि तेही मुद्रांक वाचवायला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब," मी म्हटलं, "आज सही राहू द्या."

दुसऱ्या दिवशी साडी धुऊन, इस्त्री करून वहिनीकडे पोचती केली. तिचीच होती ना.

तेव्हापासून भाऊ एकही भाऊबीज चुकवत नाही. वेचणी आपोआप पुढे ढकलली जाते. वहिनी आठवड्याला फोन करते, "ताई, कधी येता?" हक्क सोडला की माहेर टिकतं म्हणतात, माझं न सोडल्यानं टिकलं. ते मला बोलावतात की सातबाऱ्यावरच्या माझ्या नावाला, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. तरी तिचा फोन आला की मी लगेच पिशवी भरायला घेते.