पळीचा गळ

सगुणा लग्न होऊन पोफळीच्या खालच्या वाडीत आली ती एकोणीसशे चोवीस साली, सोळाव्या वर्षी. नवरा केरू मुंबईला गोदीत कामाला होता. लग्नाला म्हणून महिनाभर राहिला, पुढच्या शिमग्याला चार दिवस आला, आणि त्यानंतर आलाच नाही. गोदीतल्या गाववाल्यांनी एवढंच सांगितलं, की तो बोटीवर आगवाला म्हणून लागला, भट्टीत कोळसा घालायला. बोट कुठल्या मुलखाला गेली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

घरात सासू जनी, थोरला दीर काशीराम, त्याची बायको हौसा आणि त्यांची तीन पोरं. हौसा बाळंतपणांनी खंगलेली, बहुतेक दिवस घोंगडीवर पडून. जनीच्या डोळ्यांवर सारा आलेला, दिसायचं अंधुक. त्यामुळे पाणी, दळण, गुरं, डोंगरउताराच्या वरकस जमिनीतली नाचणी, सगळं सगुणावर पडलं. ती पहाटे उठायची आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं खायची. कुणी तिला मारत नव्हतं की उपाशी ठेवत नव्हतं. पण ती त्या घरची कोण, हे मात्र कुणाला सांगता आलं नसतं.

दोन वर्षांनी तिचा भाऊ भागोजी तिला न्यायला आला. गुहागरच्या बाजूचं त्याचं गाव, दोन दिवस चालून आलेला. देवळापुढे गावकी बसली.

गावकीच्या प्रमुखाने विचारलं, "केरू मेला म्हणून कुणी सांगितलं?"

"नाय."

"हिला सोडली म्हणून त्याने कळवलं?"

"नाय."

"मग बारा वर्षं वाट बघायची. तवर ती ह्या घरची. तू नेलीस तर तुझं घर वाळीत पडंल, भागोजी. पोरी आहेत ना तुला?"

भागोजीला दोन मुली होत्या.  निघताना सगुणाने त्याला तांब्या दिला. पाणी पिताना त्याने मान वर केली नाही. तो दिसेनासा होईपर्यंत ती दारात उभी होती, मग आतून जनीने हाक मारली आणि ती जात्यावर बसली.

वाडीच्या खाली नदीला एक खोल कोंड होता. नदी उन्हाळ्यात आटून नुसते धोंडे उरायचे, पण ह्या कोंडाचं पाणी कधी संपलं नाही. त्याला घोडकोंड म्हणत. सगुणा दुपारी म्हैस डुंबायला तिथे न्यायची. काठावर धोंडू नावाचा म्हातारा मेसकाठी, बारीक बांबूची काठी, घेऊन गळाने मासे गरवत बसलेला असायचा. दिवसभरात तोच एक माणूस तिला काम सांगत नसे.

एकदा तो म्हणाला, "नुसती बसतेस काय गो? ही घे काठी."

तिने गांडूळ लावून गळ टाकला. तासाभरात काही लागलं नाही. धोंडू हसला.

"गांडूळ आषाढात. पाणी तांबडं असतं, माशाला दिसत नाय, तो वासावर येतो. आता वैशाखात पाणी आरशासारखं. वर बघ काय आहे ते."

वर उंबर होता. पिकलेली फळं टपटप पाण्यात पडत होती, आणि जिथे पडत तिथे पाणी हलत होतं. सगुणाने गळाला उंबर लावलं, वजन बांधलं नाही, ते फळासारखंच आपसूक पडू दिलं. पहिला खडस मासा लागला तो असा. हातभर लांब, मोठाल्या खवल्यांचा, उन्हात तांब्यासारखा. त्या संध्याकाळी घरात सगळ्यांनी पोटभर कालवण खाल्लं आणि जनी प्रथमच म्हणाली, "उद्या परत जा."

धोंडूकडून ती हळूहळू शिकत गेली. भादव्यात भातावरचे नाकतोडे, ते पाठीतून अलगद टोचायचे, पाय हलते राहिले पाहिजेत. सापासारख्या लांबट वाम माशाला तिन्हीसांजेला कोंबडीची आतडी, तळाशी ठेवून द्यायची आणि ओढायची घाई करायची नाही. अंबाडीचं सूत वळून त्याला ऐनाच्या सालीचा काढा पाजायचा, म्हणजे ते कुजत नाही आणि पाण्याच्याच रंगाचं होतं. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. वाडीतल्या बायका नावं ठेवायच्या, बाईमाणूस गळ घेऊन बसतं म्हणून, पण काशीरामने हरकत घेतली नाही. घरात मासे येत होते.

कोंडाच्या वरच्या तोंडाशी पाणी दोन कातळांमधून फेसाळत आत शिरायचं. तिथे एक मोठा खडस राहायचा. धोंडूने तो चारपाच वर्षं पाहिलेला होता. उंबर, पिठाची गोळी, जिवंत मळवा म्हणजे बोटभर मासळी, त्याने कशालाही तोंड लावलं नव्हतं.

एकतीस सालच्या थंडीत घाटरस्त्याची पाहणी करायला एक गोरा साहेब आला. सरकारी बंगल्यावर उतरला आणि रविवारी काठी घेऊन कोंडावर आला. सगुणा पलीकडच्या काठाला म्हशीजवळ बसून बघत होती. त्याच्या दोरीला किडा नव्हता, फळ नव्हतं. चकचकीत धातूचा एक लांबट तुकडा होता. तो फेसाळत्या पाण्यापलीकडे फेकायचा आणि ओढत आणायचा. तुकडा पाण्यात गिरक्या घेत चमकायचा. पाचव्या की सहाव्या खेपेला पाणी फुटलं. मोठ्या खडसाने तो धरला होता. काठी कमानीसारखी वाकली, साहेब गुडघाभर पाण्यात उतरला, आणि दोरी तटकन तुटली.

साहेब गेला, पण सगुणाच्या डोक्यातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी तिने धोंडूला विचारलं, "त्यात खायला तर कायच नव्हतं. मग धरलान कशाला?"

"भुकेने नाय धरत तो. रागाने धरतो. आपल्या जागेत दुसरा कोण शिरला ते त्याला खपत नाय."

घरात एक पितळी पळी होती, दांडा मोडलेली. तिने काशीरामकडून छिन्नी मागून घेतली आणि पळीचा खोलगट भाग लांबट कापला. दोन टोकांना भोकं पाडली. एका भोकात गळ, दुसऱ्यात दोरी. पाण्यात टाकला तर तो धोंड्यासारखा सरळ बुडाला. तिने तो कातळातल्या खळग्यात ठेवून ठोकला, थोडा वाकवला. आता तो फिरू लागला, पण दोरीलाच पीळ पडू लागला. मग तिने तुटक्या साखळीच्या दोन कड्या मध्ये ओवल्या. पीळ कड्यांत थांबला.

जनीला पळी सापडेना. कळल्यावर तिने सगुणाला अख्खा दिवस बोल लावले. "घरातली भांडी कापायला लागली, उद्या घर कापशील!"  सगुणाला त्या घरात बोलण्यासारखं फार थोडं उरलं होतं.

त्या तुकड्यानेही मोठा मासा सहज दिला नाही. चिंचेने घासला की पितळ लखलखायचं. पाऊस सरल्यावर पाणी जरा गढूळ असे तेव्हा ते चालायचं, लहान खडस लागायचे. पण स्वच्छ पाण्यात त्या लखलखाटाने मासे दूर पळायचे. तेव्हा ती तुकडा चुलीवर धरून काळपट करायची आणि कडेला बोटभरच घासायची. जोरात ओढला तर तो उसळून वर यायचा, सावकाश ओढला तर तळाला अडकायचा. हात कुठल्या वेगाने यायला हवा, हे समजायलाच दोन वर्षं गेली. मधल्या काळात धोंडू वारला. त्याची मेसकाठी त्याच्या सुनेने सगुणाला आणून दिली.

बारापैकी नऊ वर्षं झाली होती. सगुणा त्यांचा विचार करणं टाळायची. आधी ती मोजायची, पण मोजलं की दिवस आणखी लांबतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. कोंडावर मात्र तिला बरं वाटायचं. फक्त कधीकधी तो मासा बघून तिला वाटायचं, पावसाळ्यात नदी दुथडी भरते, हा खालीवर कुठेही जाऊ शकतो, मग परत ह्याच कातळाखाली का येतो?

चौतीस सालच्या आश्विनात, सकाळी, ऊन नुकतं फेसावर आलं असताना त्याने पळीचा तुकडा धरला.

झटका इतका होता की ती कातळावर आपटली. तिने दोरी सोडली नाही. ढोपर फुटलं. मासा खाली गेला की ती दोरी सैल द्यायची, थांबला की ओढायची. दोरीने बोटं कापली. तेवढ्यात वरच्या साकवावरून टपालवाला बाळा येत होता. आठवड्यातून दोनदा तो ह्या वाटेने यायचा, कधी तिच्याकडून मासा घेऊन जायचा. त्याने पिशवी काठावर फेकली आणि पाण्यात उडी मारली. दोघांनी मिळून मासा वाळूवर ओढला. उभा केला तर बाळाच्या कमरेला लागला असता.

बाळा धापा टाकत हसत होता. "वहिनी, हे केरूदादाला कळवा हां! रंगूनला असला मासा त्याने बघितला नसंल."

सगुणा माशाच्या तोंडातून गळ सोडवत होती. तिचा हात थांबला.

"कुठं?"

"रंगूनला." बाळाचं हसू मावळलं. "पत्रं येतात ना? शिक्का रंगूनचा असतो. मी काशीरामच्या हातात दिली, शेतावर. तीन तरी दिली असतील."

"कधीपास्नं?"

"पाचसा वर्षं झाली असतील. वहिनी, तुमाला ठाव नाय?"

तिने मासा तिथेच टाकला आणि घरी गेली. जनी चुलीपुढे भाकरी थापत होती.

"घरधन्याची पत्रं कुठं आहेत?" सगुणाने विचारलं.

जनीचे हात परातीत थांबले. तिने पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "माळ्यावर. नळकांड्यात."

पत्रं चिपळूणच्या एका दुकानदाराने काशीरामला वाचून दाखवली होती. आता सगुणाने ती कोंडाच्या काठावर थांबलेल्या बाळाकडे आणली आणि त्याने तिच्यासमोर बसून वाचली. पहिलं एकोणतीसचं. केरू रंगूनला गोदीत राहिला होता, तब्येत बरी होती. दुसरं पुढच्या वर्षीचं. त्यात लिहिलं होतं, की मी इथे घर केलं आहे, एक मुलगा आहे. सगुणेला तिच्या भावाकडे पोचवा. तिने दुसऱ्याशी पाट लावला तर माझी हरकत नाही, हे गावकीला दाखवा. तिसऱ्यात घरची खुशाली विचारली होती आणि शेवटी एक ओळ होती: सगुणेचं काय केलंत ते तुम्ही कळवलं नाहीत.

बाळाने ती ओळ वाचली आणि कागद घडी करून तिच्यापुढे ठेवला. सगुणा म्हणाली, "मधलं परत वाच." त्याने परत वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

घरी आल्यावर ती जनीपुढे बसली. "चार वर्षं, आत्ये."

"माझा एक गेला," जनी म्हणाली. "एकाची बायको अंथरुणावर. मला डोळ्यांनी दिसत नाय. तुला धाडली असती तर ह्या घरात हात कुणाचे होते? सांग. तूच सांग."

 सगळ्यांत वाईट हेच होतं, की म्हातारी खोटं बोलत नव्हती.

गावकी पुन्हा बसली. बाळाने पत्र मोठ्याने वाचलं. काशीराम खाली बघत होता. त्याला दंड काही झाला नाही, चार शब्द ऐकावे लागले एवढंच. भावाच्या वतीने त्याने काडीमोडाची गवताची काडी घेतली आणि मोडली. बारीकसा आवाज झाला. एवढ्यासाठी नऊ वर्षं, असं सगुणाच्या मनात आलं, आणि तिला काही वाटलं नाही, ना आनंद ना राग. 

निरोप गेला आणि आठव्या दिवशी भागोजी आला. निघताना जनी उंबऱ्यात बसली होती. तिने चाचपडत सगुणाचा पदर धरला.

"भात कापायला आलंय. कापणी होईस्तोवर थांब गो बाय."

सगुणा उभी राहिली. आत हौसा खोकत होती, पोरं दाराआडून बघत होती. खालच्या खाचरात भात पिवळं झालेलं दिसत होतं. किती वेळ ती उभी होती ते भागोजीलाही पुढे सांगता आलं नाही. मग तिने पदर हळूच सोडवला.

"आत्ये, आज थांबले तर मी जाणार नाय," ती म्हणाली आणि पायवाटेला लागली. मागे वळून पाहिलं नाही. मागे जनी रडत होती की नाही, हे तिला कधी कळलं नाही.

माहेरच्या गावाला नदी नव्हती. एक तळं होतं, कमळांच्या पानांनी झाकलेलं, आणि त्यात मरळी मासे. पितळेचा तुकडा तिथे कामाचा नव्हता, पानांच्या देठांत अडकून बसायचा. सगुणाने लहान बेडकाच्या मागच्या पायाला गळ लावून बघितला. पानांवरून उड्या मारल्यासारखा तो ओढायचा, दोन पानांमधल्या उघड्या पाण्यात क्षणभर टेकवायचा. मरळ पानाखालून उसळून धरायची. तेव्हा लगेच हिसका द्यायचा नाही, तीन श्वास थांबायचं. हे तिचं तिनेच शोधलं.

पण तळ्यावर जायच्या आधी ती रोज भागोजीची बायको मालन हिच्यापुढे उभी राहायची. "तळ्यावर जाऊ?"

मालन पहिले काही दिवस "हां, जा" म्हणायची. शेवटी एकदा वैतागून म्हणाली, "वन्सं, रोज कशाला विचारता? मी तुमची कोण?"

सगुणा म्हणाली, "विचारल्याबिगर पाय उचलत नाय."

चैत्रात एका सकाळी मालन देवळात गेली होती आणि घरात कुणी नव्हतं. सगुणा थोडा वेळ अंगणात घुटमळली, मग काठी घेऊन निघाली. दुपार टळल्यावर दोन मरळी घेऊन ती परतली. विचारलं तर काय सांगायचं, ते ती वाटेत मनात जुळवत होती. घरी मालन लसूण सोलत बसली होती. तिने मासे बघितले, "चांगल्या आहेत" म्हणाली, आणि पुन्हा लसूण सोलू लागली. कुठे होतीस, हे विचारलं नाही. कुणी शोधायला गेलं नव्हतं. म्हैस कुणी धरली, पाणी कुणी आणलं, ह्याचा काही बोभाटा नव्हता.

सगुणा पायरीवर बसली आणि तिला रडू कोसळलं. मालन धावत आली, काटा लागला का, कुणी काय बोललं का, विचारू लागली. सगुणा नुसती मान हलवत राहिली. मालनला काही समजेना. ती तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसून राहिली, आणि मरळी ताटात अजून तोंड हलवत होत्या.