तायडेबाईंची पिंपळपानं

"ते पोत्यात टाकू नका, त्यात पान हाये." तायडेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. अकोल्यातल्या एका लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये मी नुकतीच काउंटरवर लागले होते. माझ्या हातात डाय मारून झालेला जाड कागद होता. पानाचा आकार कापून कधीच निघून गेलेला, उरलेला कागद रद्दीत चाललेला. इथे तर नुसतं भोक आहे, असं मी म्हटलं. "मंग? तेच पान," त्या म्हणाल्या आणि कागद घेऊन गेल्या.

बाइंडिंगच्या टेबलावर त्यांची वीस वर्षं झाली होती. बुटक्या, पदर खोचलेला, कानामागे पेन्सिल. भोकाच्या कागदाला त्या जाळी म्हणत आणि अशा जाळ्या आपल्या वेगळ्या पोत्यात जपून ठेवत. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवून त्या जाळी कोऱ्या कार्डावर चिकटपट्टीने बसवत आणि स्पंजच्या तुकड्याने रंग टिपत. जाळी उचलली की खाली पान, नाहीतर मोर. आतून निघालेला तुकडाही वाया जात नसे. तो कार्डावर ठेवून भोवती रंग मारला की रंगीत जमिनीवर पांढरा मोर. कुणाला मूल झालं, कुणी दहावी पास झालं, कुणी दवाखान्यातून सुटून आलं की त्याला तायडेबाईंचं कार्ड मिळायचंच.

नुसतं 'छान' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "छान कावून, ते सांगा." स्वतःही वाकड्याला तोंडावर वाकडं म्हणत. मी हौसेने केलेलं पहिलं कार्ड त्यांनी नीट पाहिलं, उलटं केलं आणि परत दिलं. "मागची बाजू चांगली हाये. तिच्यावर करा."

त्यांची एकुलती एक मुलगी स्नेहल अमरावतीला नर्स होती. तिचं लग्न ठरलं तेव्हा बाईंनी सगळ्या पत्रिका हाताने करायचं ठरवलं. वर बोधिवृक्षाचं म्हणून पिंपळाचं पान, आत मजकूर आपल्याच प्रेसमध्ये छापलेला. मुलीला चमकत्या, छापील पत्रिका हव्या होत्या. एका रविवारी ती प्रेसमध्ये आली आणि माझ्यासमोरच बोलून गेली, "आई, लोक म्हणतील, प्रेसमधला कचरा गोळा करून पत्रिका केल्या."

बाईंनी हातातली पत्रिका तिच्यापुढे सरकवली आणि आपल्या कामाला लागल्या. पण त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी गेला, हे मी पाहिलं. दोन दिवसांनी स्नेहलचा फोन आला. मुलाकडच्यांना छापील देऊ, आपल्याकडच्यांना तुझ्या, असा तिने मधला मार्ग काढला होता. "दोन नाई. एकाच घरचं लग्न हाये," बाई म्हणाल्या. "तुले लाज वाटत असन तर सगळ्या छापील कर. मी रागावणार नाई." रागावणार नाहीत हे खरंच होतं. पण पुन्हा जाळीला हात लावतील की नाही, याची मला खात्री नव्हती. मग स्नेहल म्हणाली, कर तुझ्या.

दिवस थोडे होते. जाळ्या एकेक करून रंगाने भिजून फाटत होत्या आणि नव्या शोधून द्यायचं काम माझ्याकडे होतं. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन लग्नानंतर करायचं ठरलं होतं. मी पोत्यातून पानाच्या जाळ्या काढून देत होते, त्या रंग मारत होत्या. शंभरेक पत्रिका सुकून तयार झाल्या.

त्या न्यायला स्नेहल आली. तिने वरच्या चार पाहिल्या, मग खालच्या पाहिल्या. "आई, हे पिंपळाचं नाही. विड्याचं पान आहे."

चूक माझी होती. आमच्या घरी शुभकार्य म्हटलं की विड्याचं पान. साखरपुड्याच्या पत्रिकांच्या त्याच जाळ्या पोत्यात सगळ्यात जास्त होत्या आणि पान म्हटल्यावर मी तेच उचललं. मी माफी मागितली आणि वर असंही सुचवलं की इतकं बारीक कोण बघतं.

"मले दिसलं नं आता," बाई म्हणाल्या. एक पत्रिका डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी पान बोटाने चाचपलं. "अर्धी चूक तुमची, अर्धी माह्या डोळ्याची. शेंडा लांब केला का पिंपळ होते." बारीक ब्रश घेऊन त्यांनी एका पानाला शेंडा काढला. तो दुसरीकडेच गेला. दुसराही गेला. तिसऱ्या वेळी स्नेहलने त्यांच्या हातातला ब्रश घेतला, स्टूल ओढलं आणि बसली.

मला वाटलं, आता दोघींच्या डोळ्यांत पाणी वगैरे येणार. बाई तिच्या खांद्यावरून वाकल्या. "जाड झाला. पुढचा बारीक काढ." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, बाहेर गिऱ्हाईक उभं हाये." संध्याकाळपर्यंत शंभर शेंडे झाले. एकासारखा एक नव्हता.

लग्न झालं, बाईंचे डोळे झाले आणि वर्षभरात त्या नोकरी सोडून लेकीकडे अमरावतीला गेल्या. जाताना त्यांनी जाळ्यांचं पोतं सोबत नेलं. मला विचारलं नाही, मालकालाही नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीच्या नामकरणाचं आमंत्रण आलं. हाताने केलेलं कार्ड होतं, पण हात बाईंचा नव्हता. रंग जास्त झाल्याने जाळीखाली शिरला होता आणि मोराचा पाय सुजल्यासारखा दिसत होता. मी फोन केला. कार्ड स्नेहलने केलं, सगळी साठ तिनेच केली, असं बाईंनी सांगितलं. पाय सुजलाय, मी म्हटलं.

"पायलं मी," बाई हळू आवाजात म्हणाल्या. पलीकडे मूल रडत होतं, म्हणजे लेक जवळपासच असावी. "मी काई बोलली नाई. तुमीबी बोलू नका."