पुसलेली ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, पण धड सांगता येईल का, माहीत नाही.

मुलुंडच्या घरी बसून मी एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. दवाखान्यात पेशंटच्या नोंदी ठेवायला. फुकट, सगळ्यांना खुलं — ज्याला जो भाग हवा, तो त्यानं जोडून घ्यावा. कसा जोडायचा, ती माहितीही मीच लिहायचो. लोक वाचायचे, अडायचे, मला विचारायचे. आणि मला — कसं सांगू? — ते आवडायचं. ऑफिसात मला कोण विचारत होतं?

मग एकदा सगळी माहिती नीट लिहून काढली. नवा भाग केला की त्याचं नाव एका यादीत टाकावं लागतं. नाहीतर तो चालत नाही, आणि का चालत नाही तेही कळत नाही. ती ओळ मी लिहिली होती. मग पुसली. विसरलो नाही हं — पुसली.

घाटकोपरच्या एका धर्मादाय दवाखान्यात सुजाता नोंदणीच्या टेबलावर बसायची. प्रोग्रामिंग स्वतःच शिकलेली. टीबीचा पेशंट गोळ्या न्यायला आला नाही, तर त्याच दिवशी त्याचं नाव समोर यावं — एवढंच तिला जोडायचं होतं. दीड महिना झगडली. शेवटी सॉफ्टवेअरच्या चर्चेच्या पानावर, सगळ्यांसमोर, तिनं विचारलं, "सर, सगळं केलं, तरी दिसत नाही. माहितीत काही लिहायचं राहिलंय का?"

नेमकं बोट ठेवलं तिनं. मी घाबरलो. लिहिलं, "माहिती पूर्ण आहे. नीट वाचा. बाकीच्यांना जमतं."

बाकीच्यांना मी खासगीत सांगत होतो ना!

वर्षभरानं अंधेरीत प्रोग्रामर लोकांच्या एका कार्यक्रमात ती स्वतःहून भेटायला आली. "सर, मी सुजाता. ते टीबीचं जोडायचं काम डॉक्टरांनी बंद करायला लावलं. म्हणाले, हे तुझं काम नाही." मग म्हणाली, "आमच्या वस्तीतले एक काका मधेच गोळ्या सोडून बसले. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. गेले ते. मी केलेलं ते चाललं असतं तर... जाऊ दे. माझंच डोकं कमी पडलं. आता कोडिंग सोडलंय मी. तुम्हाला उगाच त्रास दिला, सॉरी."

सॉरी — ती मला म्हणाली.

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य फक्त. ती समोर उभी होती, हातात चहाचा कप. मी काय म्हणालो?

"होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

घरी आलो आणि ती ओळ परत टाकली. काय बदललं, का बदललं, हे तिथे सगळ्यांना दिसेल असं लिहावं लागतं. मी लिहिलं —

"किरकोळ दुरुस्ती."