वन्संनी रिक्षातून उतरवलेली माणसं

माणसाचं पोट बघून तो कशाने हिंडतो हे सांगणारी बाई अख्ख्या डोंबिवलीत एकच, आणि ती नेमकी माझी थोरली नणंद. लग्नाच्या पंगतीत वन्सं माझ्या कानाशी लागतात, "तो निळ्या शर्टवाला बघ, कोथिंबिरीच्या जुडीलाही स्कूटर काढतो." चौकशी केली की बहुधा खरं निघतं. एखाद्या चांगल्या जाडजूड बाईंचं मात्र कौतुक करतील, कारण त्या रोज बाजारात पायी जातात. वन्संचं वैर वजनाशी कमी आणि बसून राहण्याशी जास्त.

संध्याकाळी स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग लागते. वन्सं तिच्या कडेने निघतात आणि ओळखीचं कोणी दिसलं की दंड धरून बाहेर ओढतात. "अगं, तुझा नंबर लागेस्तोवर घरी कुकर होईल. चल." एकदा तर रिक्षात बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाच त्यांनी उतरवलं. रिक्षावाला वैतागला, "मावशी, आमचं गिऱ्हाईक काय पळवता? आधीच धंदा नाय." वन्संनी त्याच्या पोटाकडे शांतपणे पाहिलं. "तूपण उतर जरा." तो तेव्हा हसला, पण पुढे स्टँडवर पायी फेऱ्या मारताना मी त्याला स्वतः पाहिलंय.

आमचे हे म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ. कोपऱ्यावरच्या दुधालाही यांना स्कूटर लागायची. शुगर निघाली, डॉक्टरांनी चांगलंच घाबरवलं, आणि मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं कळव्याला आमच्या दारात हजर. स्कूटरची किल्ली घेतली आणि पर्समध्ये टाकली.

"ताई, वागळे इस्टेटला कामावर जाऊ कसा मी?"

"ठाण्याहून बस आहे. घरापासून स्टेशनपर्यंत देवाने पाय दिलेत."

हे महिनाभर माझ्याशी भांडले, कारण ताईशी भांडायची छाती नव्हती. मग हळूहळू पट्ट्याला आतली भोकं पाडावी लागली, शुगर ताब्यात आली, आणि यांचं घोरणं थांबल्याने मलाच झोप येईना. माझं कुंकू त्या बाईने चालवून चालवून राखलं, हे मी कोणालाही सांगेन.

आता वन्संचेच गुडघे गेलेत. परवा आम्ही दोघं डोंबिवलीला गेलो, त्यांना दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली, तर त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. "स्टँडवरचे काय म्हणतील गं मला?" शेवटी मी त्यांना धरून आत बसवलं. हे काही बसेनात. रस्त्यावर नेहमीची कोंडी होती, त्यामुळे रिक्षाच्या दांडीवर हात ठेवून हे शेजारून आरामात चालत होते. वन्सं वाटभर भावाकडे बघत होत्या.

"पोट राहिलं नाही गं याला," त्या हळूच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "किल्ली अजून माझ्या कपाटात आहे. आता मी काय लक्ष ठेवणार? देऊन टाकू का?"

मी त्यांचा हात हातात घेतला. "नको वन्सं," म्हटलं, "तुमच्याकडेच राहू दे."