बदामाआड गेलेली ओळ

"ओरिजिनलमध्ये काय दम असतो भाऊ? खरी कला वरून काय टाकता त्यात आहे."

लोटन फोटोवाला हे वाक्य चहाच्या टपरीवर म्हणायचा, मांडवात म्हणायचा, आणि एकदा तर स्मशानाच्या वाटेवर, खांदा बदलता बदलता म्हणाला होता. म्हणून झालं की तो जरा थांबायचा, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. कौतुक आलं तर घ्यायचा, नाही आलं तर स्वतःच मान डोलावून ती जागा भरून काढायचा.

एरंडोलला बस स्टँडच्या मागे त्याचं दुकान होतं, डिंपल डिजिटल. डिंपल ही त्याची मुलगी. कमावत्या बापाने मुलीचं नाव दुकानाला द्यावं, यात वाईट काही नाही. पण पाटीवर मुलीच्या नावापेक्षा लोटनचा फोटो मोठा होता. काळा चष्मा, हाताची घडी, पाठीमागे धबधबा. आमच्या भागात तसा धबधबा कोणी पाहिलेला नाही. लोटननेही नाही.

त्याचा धंदा जुन्या कॅसेटींवर चालायचा. दहा-बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. घरोघरचे व्हीसीआर भंगारात गेले होते, पण लग्नाच्या कॅसेटी कपाटात साडीच्या घडीखाली जपून ठेवलेल्या होत्या. त्या आणायच्या, कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या आणि डीव्हीडी करून द्यायची. काम एवढंच. जळगावच्या मावसभावाकडून तो दोन दिवसांत ते सॉफ्टवेअर शिकून आला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःला कलाकार म्हणवू लागला.

सॉफ्टवेअरमध्ये शंभर गोष्टी तयार मिळायच्या. पडदा उघडतो, पान उलटतं, गुलाब पडतात, बदाम फुलतो. शहाणा माणूस त्यातलं एखादं घेईल आणि बाकीचं सोडून देईल. लोटनने कधी काहीच सोडलं नाही. बाजारात फुकट वाटप लागल्यावर पिशवी पसरतात, तसा तो त्या यादीपुढे बसायचा. केळीच्या बागेत उभं करून चित्रण केलेल्या नवरा-नवरीला त्याने बर्फाच्या डोंगरावर नेऊन ठेवलं, नवरीच्या पायात चपला तशाच. गावातल्या अभिमन आबांच्या दहाव्याच्या डीव्हीडीत पिंडाला कावळा शिवतो त्या क्षणी त्याने गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या. आबांच्या मुलाने डोळ्यांवर हात घेतला. लोटनला वाटलं, भारावला.

आवाजाचं तर विचारायलाच नको. कॅसेटमधलं माणसांचं बोलणं, हसणं, कोणाला तरी मारलेल्या हाका, हे सगळं तो आधी बंद करून टाकायचा. "बठ्ठा गोंगाट शे," सगळा गोंगाट आहे म्हणायचा, आणि वरून सिनेमाची गाणी घालायचा. गावोगावची लग्नं त्याच्या हाताखालून गेली आणि सगळ्यांचा आवाज एक झाला.

गावाला ते आवडायचंही. गाव काही लोटनपेक्षा फार शहाणं नव्हतं.

आमच्या गल्लीत बेबाबाई राहायची. हळदीच्या गाण्यांत तिच्यासारखी बाई पंचक्रोशीत नव्हती. ती गाणी पाठ म्हणायचीच, पण समोरचं माणूस पाहून जागच्या जागी नवी ओळही बांधायची. ओळ बांधायची, गायची आणि विसरायची, जशी बाई भाकरी थापते आणि वाढून मोकळी होते. पुढे तिच्या गळ्याला गाठ झाली. धुळ्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ती नुसते ओठ हलवायची आणि तिची सून प्रमिलाबाई ते वाचून मोठ्याने सांगायची. सवयीने प्रमिलाबाई इतकी तयार झाली होती की सासूचं अर्धं वाक्य झालं की ही भाजीत मीठ टाकून मोकळी.

बेबाबाईच्या धाकट्या लेकीचं, मेघाचं, लग्न ठरलं. मेघाची एकच मागणी होती. मोठ्या भावाच्या, प्रेमराजच्या हळदीला ती आठेक वर्षांची होती आणि मायच्या मांडीवर बसली होती. तेव्हा मायने तिच्या नावाचं एक गाणं जागीच बांधून गायलं होतं, आणि गल्लीतल्या बायका ऐकून रडल्या होत्या. काय गाणं होतं ते कोणाला आठवत नव्हतं. मेघाला नाही, बायकांना नाही, खुद्द बेबाबाईलाही नाही. ते फक्त कॅसेटमध्ये होतं. "माझ्या हळदीला मायचं तेच गाणं लावायचं," मेघा म्हणाली.

प्रेमराजने कॅसेट लोटनच्या हातात दिली. बजावून सांगितलं, "लोटनभाऊ, मायनं गाणं नीट येवाले पाहिजे. बाकी काही नको."

"प्रेमराजभाऊ, तुम्ही फक्त बघा," लोटन म्हणाला. ऐका असं तो म्हणाला नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

हळदीच्या दिवशी दुपार कलती झाल्यावर मांडवात टीव्ही मांडला. जुना प्लेअर पुसून जोडला. बायका दाटीवाटीने बसल्या. मेघा पाटावर, बेबाबाई तिच्या शेजारी, टीव्हीच्या अगदी समोर. लोटन स्वतः डिस्क घेऊन आला होता, अंगात शेरवानी. नवरदेव अजून यायचा होता, त्यामुळे दोन परक्या पाहुण्यांनी चुकून त्यालाच नमस्कार केला. त्याने तो घेतलाही.

डिस्क सुरू झाली. आधी लोटन आला, चष्म्यासकट. मग धबधबा. मग हंस. मग पुन्हा लोटन. मग पडदा उघडला आणि जुनं अंगण दिसलं. शेणाने सारवलेलं, उन्हाने भरलेलं. त्यात काळ्याभोर केसांची बेबाबाई आणि तिच्या मांडीवर दोन वेण्यांची मेघा. बायकांच्या तोंडून "माय वं!" निघालं. पडद्यावर बेबाबाईने मान उंचावली, तोंड उघडलं आणि त्यातून एका सिनेमातल्या पुरुष गायकाचा आवाज आला.



"मायना आवाज कोठे शे?" प्रेमराजने विचारलं.

"तो काढला ना. खरखर होती फार. बायका मधेमधे बोलत होत्या. आता कसं क्लिअर वाटतंय!"

"अरे, गाणं पाहिजे व्हतं!"

"मग हे काय आहे? गाणंच आहे. नवीन आहे."

मेघाने पदर तोंडाला लावला. प्रेमराज उठत होता, तेवढ्यात प्रमिलाबाई ओरडली, "तो भोंगा बंद करा आधी! मागे घ्या, मागे! मी वाचते."

टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र मागे नेलं. प्रमिलाबाई गुडघ्यांवर सरकत पडद्याच्या पुढ्यात गेली. तिच्या शेजारी बेबाबाई गेली. सासू-सून दोघी त्या तरुण बाईच्या ओठांकडे बघू लागल्या. ओठ हलले आणि प्रमिलाबाई सावकाश, अडखळत बोलली,

"आज... भाऊनी हयद... मेघा मांडीवर बठनी..."

बेबाबाईने जोरजोरात मान हलवली. हेच, हेच. एका म्हातारीने चाल धरली, चौघींनी उचलली. आज भावाची हळद, मेघा मांडीवर बसली. मांडवाच्या झावळ्यांतून ऊन खाली ठिपकत होतं आणि हरवलेली ओळ परक्या गळ्यांतून घरी येत होती. मेघाचे डोळे वाहत होते.

"पुढे, पुढे!"

"सकाय मेघानी हयद..." प्रमिलाबाई वाचत होती. उद्या मेघाची हळद. "सकाय मेघानी हयद, मी..."

आणि पडद्याच्या मधोमध एक लाल बदाम फुलला.

बदाम मोठा होत गेला. बेबाबाईचं तोंड त्याच्या आड गेलं, मग तिचे डोळे, मग मांडीवरची पोर. बदामात प्रेमराज आणि प्रमिलाबाईचा फोटो गोल फिरला, एकदा सुलट, एकदा उलट, भोवती चांदण्या. तो हटला तेव्हा बेबाबाई गाणं संपवून पदराने घाम पुसत होती.

"हाऊ बदाम काढ," प्रमिलाबाई वळून म्हणाली.

"वहिनी, एकदा डिस्क राइट झाली की तो निघत नाही."

"मग कॉम्प्युटरमधून काढ."

"तिथलं पुसलं. जागा लागते मला."

"कॅसेट दे," प्रेमराज म्हणाला. "ओरिजिनल कॅसेट कोठे शे?"

लोटनने शेरवानीचं बटण चाचपलं. "ती नशिराबादला, मेव्हण्याच्या शेतात. दादर ज्वारीवर पाखरं फार पडतात ना. कॅसेटची पट्टी उकलून बांधली की चकाकते, आवाज करते, पाखरं येत नाहीत. मी सगळ्यांच्याच देतो. डीव्हीडी झाल्यावर तिचं काय काम?"

"लोट्या, ती मनी माय व्हती रे त्या पट्टीत!"

"भाऊ, दिवसभर मेहनत केली त्या बदामावर. चांदण्या तर मी एकेक करून बसवल्या. आणि एक सांगा, माझ्या क्लिअरिटीमुळेच वहिनींना ओठ वाचता आले की नाही?"

हे तो मनापासून म्हणाला. चूक झाल्याची सावलीसुद्धा त्याच्या तोंडावर नव्हती. चोर निदान खाली बघतो.

मेघाने मायचा हात धरला. "माय, आठव ना. उद्या मेघाची हळद, मी... मी काय?"

बेबाबाई डोळे मिटून बसली. तिचे ओठ एकदा हलले, दोनदा हलले आणि थांबले. प्रमिलाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. सांगण्यासारखं तिथे काही आलं नाही. बेबाबाईने मान हलवली, मग हळदीच्या वाटीत दोन्ही हात बुडवले आणि लेकीच्या गालांना लावले. बायकांनी चाल धरली. "सकाय मेघानी हयद, मी..." इथपर्यंत म्हणायच्या, थांबायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

लोटनने स्वतःच प्लेअरमधून डिस्क काढली, पुसून कव्हरात घातली आणि पाटाजवळ आहेरासारखी ठेवली. चहाची जरा वाट पाहिली. चहा आला नाही.

"कदर लागते," तो म्हणाला. "शहरात असतो तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं."

आमच्याकडे भांडून जाणाऱ्यालाही फाटकापर्यंत पोचवतात. लोटनला पोचवायला कोणी उठलं नाही. तो हळदीचे पाट ओलांडून निघाला, शेरवानीची कड उचलून धरत, गल्लीच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून कोणी बघतंय का ते पाहत. ओटे रिकामे होते, बायका सगळ्या मांडवात होत्या आणि मांडवाची त्याच्याकडे पाठ होती. एकटी बेबाबाई, पिवळे हात मांडीवर उताणे ठेवून, तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.