सिद्ध झालं नाही

कुवेतमध्ये इंग्रजांचं कोर्ट होतं तोवर आम्हा हिंदी लोकांचे खटले तिथेच चालत. मी रत्नागिरीला मॅट्रिक झालेला, इंग्रजी बरं, म्हणून तिथे दुभाष्या लागलो. आमचे जज्जसाहेब साठीला टेकलेले, उंच, उन्हाने मान लाल झालेले. त्यांना कोणी इंग्रज म्हटलेलं खपत नसे. "मी स्कॉटिश," ते लगेच म्हणत.

कोर्टाच्या कामाला तेलकंपनीच्या अहमदी गावी जाताना गाडीत ते कधीकधी बोलत. वडील थंड, दगडी गावातले पाद्री. एडिंबरोतली वकिली बेताचीच चालली, मग आफ्रिकेत न्यायाधीश झाले. बायको तिथेच तापाने गेली.

"तिथे मी माणसं फासावर पाठवली," एकदा ते म्हणाले. "एकाबद्दल अजून खात्री नाही."

त्यांच्यासमोर शुवैख बंदरातला खटला आला. माल उतरवणारे दोघं, आमच्याच खाडीकाठचे, एका गावचे. बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट होडीवर, दोघंच असताना एक पाण्यात पडला. डोकं फुटलेलं प्रेत वर काढलं. आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं, आणि "तुला बुडवीन" ही दुसऱ्याने दिलेली धमकी मेलेल्याच्या भावाने ऐकली होती. त्या दुसऱ्यावर खुनाचा आरोप आला. ते वयाने मोठे, म्हणून मी त्यांना चाचा म्हणे.

"बोललो होतो," चाचांनी कोर्टात कबूल केलं. "रागात मानूस बोलतो. पन त्याचा पाय सरकला. मी हात दिला, तो पोचला नाय."

निकालाआधी साहेबांनी मला आत बोलावलं. "आमच्याकडे स्कॉटलंडात तिसरा निकाल असतो," ते म्हणाले. "दोषी नाही, निर्दोषही नाही. सिद्ध झालं नाही, एवढंच. इथे मला दोनच आहेत."

त्यांनी चाचांना निर्दोष सोडलं.

"चाचा, तुम्ही सुटलात," मी सांगितलं.

चाचा हलले नाहीत. "सुटलो ता खरा. पन मी मारलं नाय, असं साहेब बोलला काय? विचार त्याला."

मी विचारलं. साहेबांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "त्यांना सांग, त्यांनी मारलं हे सिद्ध झालं नाही. त्यापलीकडचं मी सांगू शकत नाही."

माझं काम शब्द पोचवायचं होतं, मी पोचवले. मागच्या बाकावर मेलेल्याचा भाऊ बसला होता. संध्याकाळपर्यंत आमच्या माणसांच्या सगळ्या खोल्यांत एकच बोलणं झालं: साहेबालाही खात्री नाही.

चाचांबरोबर कोणी एका थाळीत जेवेना. नमाजाला त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. एकदा ते माझ्याकडे आले नि म्हणाले, "भाय, फाशी झाली असती तर लोक जनाज्याला तरी आले असते." काही दिवसांनी ते बसऱ्याकडे जाणाऱ्या गलबतावर चढले. पुढे त्यांची खबर नाही.

मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुला काय वाटतं? त्यांनी मारलं?"

"नाही साहेब."

"मलाही नाही वाटत."

मला राग आवरला नाही. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"वाटणं हा पुरावा नव्हे," ते म्हणाले. "आयुष्यभर मी तेवढंच धरून राहिलो. आता सोडलं तर आफ्रिकेत पुराव्यावर फासावर पाठवलेल्या माणसांना काय तोंड दाखवू?"

पुढे न्यायाचं काम कुवेतींच्या हाती गेलं, आमचं कोर्ट बंद झालं. साहेब मायदेशी परतले आणि थोड्याच वर्षांत वारल्याचं कानावर आलं. अखेरीस ते एकटेच राहत होते म्हणे.

मी रजेवर गावी गेलो तेव्हा खाडीपलीकडे चाचांच्या घरी गेलो. त्यांची बायको दारातच उभी राहिली.

"त्यांनी केला नाय ना?" तिने विचारलं.

"नाही."

"कोर्टाने तसा सांगितलान?"

"कोर्टाने नाही, चाची. मी सांगतोय."

तिने मान हलवली, आत गेली आणि मला पाणी आणून दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत ती उंबऱ्यातच उभी राहिली. मग ग्लास घेतला आणि दार लावून घेतलं.